रोजचे वीस टाके

४ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार,

फोनवर मी "हो हो, सगळं ठीक" म्हणते ते खरं धरू नका. फोन ह्यांच्या उशाशी असतो आणि घर ते केवढं, पुढे दुकान, मागे एक खोली. कुजबुजले तरी ह्यांना ऐकू जातं. अर्धांगाने तुमच्या दादांचा उजवा हात नेला, जीभ जड केली, पण कान मात्र आधीपेक्षा तिखट झालेत. म्हणून हा कागद.

दवाखान्यातून येऊन आज बावीस दिवस झाले. काठी घेऊन मोरीपर्यंत जातात. बोलतात, पण शब्द शोधत शोधत. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच, दुसऱ्या कुणाचा विसरून राहिल्यासारखा. निघताना डॉक्टरांनी सांगितलं, हातात जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं, नंतर फार कमी. ह्यांनी एकच शब्द विचारला, "कात्री?" डॉक्टर म्हणाले, ऑक्युपेशनल थेरपिस्ट गाठा, ते बघतील. मी सगळं कळल्यासारखी मान हलवली आणि बाहेर येऊन नर्सबाईंना विचारलं, हे काय असतं हो? त्या म्हणाल्या, मालीश वेगळं, व्यायाम वेगळा. ही माणसं रोजची कामं परत शिकवतात. घास घेणं, बटण लावणं, आणि ज्याचं जे काम असेल ते.

तुम्ही चौकशी करून तीन नावं पाठवलीत, बरं झालं. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकताय म्हणा, पण निदान शेळ्या मोजून तरी दिल्यात. दोघांकडे जाऊन आले. पहिले मोठ्या हॉस्पिटलातले. तिसरा मजला, काचेचं दार, आत यंत्रंच यंत्रं. माणूस सभ्य. कागदावर "टेलर" असं लिहून घेतलं आणि ह्यांच्यापुढे प्लास्टिकचे शंकू ठेवले, एकावर एक चढवायला. "तीन महिन्यांत कामावर" असं मला सांगितलं, ह्यांच्याकडे न बघता. दुसऱ्यांच्या पाटीवर पाठ, मान, गुडघे, लकवा, वजन, सगळंच होतं. एक ना धड, भाराभर चिंध्या. शिक्षण विचारलं तर म्हणाले, आमच्या हातालाच गुण आहे. मी चप्पल घातली.

परवा एक जुनं गिऱ्हाईक पँट घेऊन दारात उभं राहिलं. ह्यांनी उजवा हात पटकन टेबलावरच्या कापडाखाली घातला, डाव्या हाताने उचलून. पस्तीस वर्षं त्या हाताने लोकांचे खांदे मापले. मला बघवेना. आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

तुमची,
वहिनी


१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नळ सोडून रडायचं तर मला पत्र लिहून रड, पाणी तरी वाचेल. चिडू नकोस. मला दुसरं काही सुचत नाहीये. शाळेच्या ऑफिसात दिवसभर मुलांचे दाखले लिहिते आणि मध्येच माझाच उजवा हात बघत बसते.

मला विचारशील तर ते हॉस्पिटलातलेच बरे. नाव आहे, यंत्रं आहेत, तीन महिन्यांत म्हणतायत. पण तिसऱ्या बाईंकडे एकदा जाऊन ये, म्हणजे मनाला हुरहूर नको. जाताना हे विचार: शिक्षण रीतसर आहे का, कुठे नोंदणी आहे का, अर्धांगाची किती माणसं हाताखालून गेली, घरी येऊन दुकान बघतील का, आणि सुधारणा होतेय की नाही हे कशावरून ठरवणार. चिठ्ठीवर लिहून ने. तू ऐन वेळी "चहा घेता का" विचारून परत येशील.

आणि दादाला बोलू दे. तो मुलखाचा अबोल, तू मुलखाची बोलकी. तुझी दोन वाक्यं होईपर्यंत त्याचा एक शब्द ओठावर येतो, आणि आता तर तेवढाही नाही. माझा शाळेचा पहिला फ्रॉक त्याने शिवला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. शिवून झाल्यावर एवढंच म्हणाला, "बारके, फीर." मी गोल फिरले. "जा." संपलं बोलणं.

वेळ जातोय गं. लवकर ठरव.

बारकी


२३ फेब्रुवारी

वन्संना नमस्कार,

ठरवलं. तुमचं न ऐकता ठरवलं, तेव्हा आधी पाणी प्या.

तिसऱ्या बाई औषधांच्या दुकानावर दोन खोल्यांत बसतात. अंगाने एवढ्याशा, की मी त्यांनाच म्हटलं, "बाळ, बाईंना बोलव." त्या हसल्या आणि म्हणाल्या, बोलवलंय, आल्यात. मी ओशाळले. मग तुमची चिठ्ठी काढून सगळं विचारलं. शिक्षण रीतसर, नोंदणीचा कागद भिंतीवर, नऊ वर्षांचा अनुभव. पण खरं सांगू, मी चिठ्ठीमुळे ठरवलं नाही. त्यांनी स्टूल ओढून ह्यांच्या समोर घेतलं आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं करायचात?" मी तोंड उघडणार होते, तुमची आठवण झाली आणि जीभ चावली. बराच वेळ गेला. बाईंनी ना घड्याळ बघितलं ना माझ्याकडे. मग हे म्हणाले, "शटर." त्या म्हणाल्या, "आणि मग?" "झाडू." असं करत करत ह्यांनी सबंध दिवस सांगितला, वन्सं. आजारानंतर एवढं पहिल्यांदा बोलले.

शेवटी विचारलं, परत काय करायचंय? हे म्हणाले, "कोटाची कॉलर." बाई म्हणाल्या, "कॉलरचं वचन मी देत नाही. आधी सुई धरू, टाका घालू, मग हात काय म्हणतो ते बघू." तीन महिन्यांचं वचन देणाऱ्यापेक्षा वचन न देणारी मला खरी वाटली. चुकले असेन तर तुम्ही बोला, पण खाली उतरल्यावर ह्यांनाही विचारलं तर ह्यांनी औषधांच्या दुकानावरच्या त्याच खोल्यांकडे बोट दाखवलं. डाव्या हाताचं.

दुसऱ्या दिवशी घरी आल्या. मशीनची उंची मापली, खुर्चीखाली पाट सरकवला, कात्री डावीकडे टांगली. आठवड्यातून तीनदा येणार. बोटं एकेक करून सुटी करायचा व्यायाम त्या घेतात. घरचा अभ्यास म्हणजे जाड सुई, जाड दोरा आणि चौकटीच्या कापडाची वीतभर पट्टी. रोज वीस टाके. कसेही आले तरी चालतील, पट्टीवर तारीख टाकून ठेवा म्हणाल्या, त्यावरून पुढचं ठरवणार. काल पहिली पट्टी झाली. वीस टाक्यांना पाऊण तास. झाल्यावर ह्यांनी ती हातात घेऊन इतका वेळ बघितली, की मी चहा टाकायचं निमित्त करून आत गेले.

वहिनी


२६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पाणी प्यायले. शिव्या देणार होते, पण "शटर" वाचलं आणि रडूच आलं. ठीक आहे, तू बघितलंस, तू ठरवलंस. माझं हॉस्पिटल राहू दे.

एक मात्र माझं ऐक. दादा कारागीर माणूस आहे. दुसऱ्याने घातलेला वाकडा टाका तो भर दुकानात उसवायचा, तिथे स्वतःचा वाकडा टाका त्याला कसा सोसवेल? त्याची उमेद गेली तर बोटंही जातील. तू कौतुक कर. टाका वाकडा आला तरी सरळ म्हण. थोडं खोटं बोललं तर काही आभाळ कोसळत नाही. आजाऱ्याला उमेदीसारखं औषध नाही. आमच्या ऑफिसातल्या बाईंचे वडील नुसत्या कौतुकावर उठून बसले म्हणतात.

तो हरलेला दिसायला नको एवढं तू बघ. बाकीचं त्या बाई बघतील.

बारकी


२२ मार्च

वन्संना नमस्कार,

एवढे दिवस लिहिलं नाही. पहिला आठवडा फार वाईट गेला. टाके कुठे जवळ, कुठे लांब, दोरा गुंतलेला. आठव्या दिवशी ह्यांनी पट्टी कोपऱ्यात फेकली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत. मी पट्टी उचलली, तुमचं पत्र पुन्हा वाचलं.

पण आता बरं आहे. टाके सरळ येतायत, अगदी रेघेवर. बाईंनी पट्ट्या ओळीने मांडून बघितल्या आणि चकितच झाल्या. त्यांच्यासमोर हात अडखळतो, घरी मोकळा चालतो. म्हणाल्या, होतं असं काहींचं, परक्या माणसासमोर हात बुजतो. "शाबास" म्हणाल्या ह्यांना. वन्सं, तो शब्द ऐकून मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! हे माझ्याकडे बघत होते. हसले थोडेसे. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

बोटं सुटी करायचा व्यायाम बाईंनी आता बंद केलाय, पट्टीवर बोटं सुटीच दिसतायत म्हणून. आठवड्यातून एकदाच येणार आणि खांदा, मशीनवर बसणं, अशी मोठी कामं घेणार. दुसरी माणसं वाट बघतायत त्यांच्या वेळेची.

माझं तसं बरं चाललंय. दुपारी हे झोपले की मला तासभर मिळतो. वन्सं, आपण एखाद्याच्या भल्यासाठी काही केलं आणि ते सांगितलं नाही, तर ते खोटं धरतात का हो? जाऊ दे. उगाच आपलं मनात आलं.

वहिनी


५ एप्रिल

प्रिय वहिनी,

अगं, मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं! पेढे वाटायचेच बाकी ठेवलेत. बघ, म्हटलं नव्हतं, कौतुकाने माणूस उठतो? आणि त्या एवढ्याशा बाईंना माझा नमस्कार सांग. माणूस ओळखण्यात तू माझ्या वरचढ निघालीस, हे मी लिहून देते, जपून ठेव.

आमच्या ह्यांना जुलैअखेर निवृत्ती मिळते. निरोपाच्या दिवशी घालायला कोट हवा. दुसऱ्या कुणाकडे शिवायचा नाही असं मी आत्ताच जाहीर करून टाकलंय. कापड पार्सलने पाठवते, माप सोबत आहे. दादाला म्हणावं, घाई नाही, चार महिने घे. कॉलर मात्र त्यानेच लावायची.

तू मनात आलेलं काहीतरी विचारलं होतंस. भल्यासाठी केलेलं खोटं कसलं? इतका विचार करू नकोस.

बारकी


२१ मे

बारके,

डाव्या हाताने लिहितोय. चार दिवस लागले. अक्षराला हसू नकोस.

कोटाचं कापड परत पाठवतो. माझ्याच्याने होणार नाही. कापड चांगलं आहे, दुसरीकडे शिव. अस्तर सुती लाव म्हणावं.

पट्टीवरचे टाके माझे नाहीत. पहिले आठ दिवस माझे. मग मी झोपलो की ही उसवते आणि परत घालते. माझी सुई, माझा दोरा, माझीच पट्टी घेऊन. तिला वाटतं मला कळत नाही. पस्तीस वर्षं हिची हातशिलाई माझ्या नजरेखालून गेली. हिचा टाका डावीकडे झुकतो. आंधळ्यालाही बोटाने कळेल.

पहिल्याच दिवशी बोलणार होतो. तेवढ्यात बाई शाबास म्हणाल्या आणि हिचा चेहरा उजळला. दवाखान्यापासून तो चेहरा बघितला नव्हता. तो घालवायचं जिवावर आलं. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचे दोन महिने झाले.

मग मीही ढिला पडलो. पाच टाके घालायचो, मग दोन, मग नुसती पट्टी मांडीवर. कुणीतरी पुरे करणारच होतं.

आता बोटं आत वळली आहेत. सकाळी डाव्या हाताने सरळ करतो, परत वळतात. सहा महिन्यांतले पाच होत आले. माझ्या हातात काही उरलं नाही हे मला कळलंय. चूक माझीही आहे.

हिला सांगू नकोस. मोडून जाईल.

दादा


२९ मे

वहिनी,

दादाचं पत्र आलंय. तुला सांगू नकोस म्हणून बजावलंय त्याने. जन्मभर त्याचं ऐकलं, आज ऐकणार नाही. तो रागावला तर रागावू दे.

त्याला सगळं माहीत आहे. पट्ट्यांचं. पहिल्या दिवसापासून. तुझा टाका त्याला ओळखता येणार नाही असं तुला वाटलंच कसं गं? तू खूश दिसतेस म्हणून तो गप्प बसला. तो खूश दिसतो म्हणून तू. आणि तुम्हा दोघांना मूग गिळून बसायला शिकवणारी शहाणी मी. "सरळ म्हण" असं मीच लिहिलं होतं. तू विचारलंस, त्यालाही उत्तर दिलं, न वाचल्यासारखं. आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय.

रडत बसू नकोस. रड, पण नंतर. त्याची बोटं वळायला लागली आहेत. हे पत्र मिळेल त्या दिवशी त्या बाईंकडे जा आणि सगळं खरं सांग. मग त्याला. तुझ्या तोंडून.

माझ्यावरचा राग माझ्यावरच काढ. उत्तर नाही आलं तरी मी समजेन.

बारकी


२४ जून

वन्संना नमस्कार,

उत्तर यायला वेळ लागला, पण तुमच्यावर रागावून नाही. राग धरायला अंगात जागाच नव्हती.

पत्र मिळालं त्याच दिवशी जिना चढले. बाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी फाईल काढली, सगळ्या पट्ट्या टेबलावर पसरल्या आणि म्हणाल्या, तुमच्या कोणत्या त्या वेगळ्या करा. मी केलं. ह्यांच्या आठ निघाल्या. माझ्या मोजल्या नाहीत, टेबल भरलं होतं. बाईंनी त्या आठ एकेक करून उचलून बघितल्या. मग म्हणाल्या, "मी हात बघायला हवा होता, मी कापड बघत बसले." त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. एवढीशी ती पोर, तिच्या चांगल्या कामावर मी पाणी ओतलं.

मग ह्यांना सांगितलं. बसूनही नाही, दारातच, पायातली चप्पल न काढता. हे म्हणाले, "तुझा टाका डावीकडे झुकतो. पस्तीस वर्षं सांगतोय." आणि मी चिडले. देवाशपथ सांगते, रडायचं सोडून चिडले. म्हटलं, मग तोंड का उघडलं नाहीत? हात तुमचा होता! हे म्हणाले, सुई तुझी होती. आम्ही भांडलो, वन्सं. लग्नानंतर इतकं कधी भांडलो नव्हतो. ह्यांना शब्द सापडेना म्हणून टेबलावर डाव्या हाताने थापा मारत होते. शेजारच्या काकू दारात येऊन परत गेल्या. मग दोघंही दमलो आणि एकाच कॉटवर बसून रडलो.

बाईंनी दुसऱ्या दिवशी नीट तपासलं, हात हातात घेऊन, एकेक बोट. आता आठवड्यातून तीनदा येतात, दिवसभर हाताला बोटं सरळ धरणारा पट्टा बांधायचा. बोटं अजून थोडी उघडतील म्हणतात. पेला धरता येईल, दार ढकलता येईल. कॉलरचं ह्यांनीच विचारलं. बाई म्हणाल्या, "नाही." फेब्रुवारीपासून रोज वीस टाके घातले असते तर? ते मी विचारलं, जिन्यात, एकटीने. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, कदाचित तेव्हाही नसतं झालं. हे "कदाचित" आता माझ्या वाट्याचं. ते घेऊनच मला जगायचंय, आणि तुम्ही त्यात वाटेकरी होऊ नका. पत्र तुम्ही लिहिलं, सुई मी धरली.

दुकान पुढच्या महिन्यात सोडतोय. वळणावरचे कारागीर घेतायत, भले आहेत, ह्यांच्याकडेच शिकलेले. तुमचा कोटही तेच शिवतील. हे समोर बसून सांगणार आहेत, कापड पाठवा.

बाईंनी पुन्हा स्टूल ओढून पहिल्यापासून विचारलं. शटर आता नाही, झाडू नाही, मग सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचंय? हे म्हणाले, "शर्ट." पाच महिने शर्ट मी घालत होते. मान वर, हात आत, चार मिनिटांत मोकळी. आता ते घालतात आणि मी खिडकीत उभी राहून रस्ता बघते. वळून बघितलं तर माझा हात पुढे होतो, म्हणून बघतच नाही.

आज पट्टा नीट बसवून घ्यायला बाईंकडे जायचं होतं. पंचवीस मिनिटांनी हे म्हणाले, "चल." मी वळले. वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं, मग सगळीच एक घर खाली. एक बाजू वर, एक बाजू खाली लोंबतेय, कॉलर कानाला टेकलेली. वन्सं, तुम्हाला माहीत आहे, ह्या माणसाने गिऱ्हाइकाची कॉलर सरळ केल्याशिवाय कधी त्याला पायरी उतरू दिली नाही. आणि तो तसा, भर सकाळी, सगळ्या ओळखीच्या रस्त्याने निघाला होता. माझी बोटं नुसती शिवशिवत होती. मी कुलूप दोन्ही हातांनी लावलं.

औषधांच्या दुकानापाशी जुने पोस्टमन भेटले. ह्यांच्या हातचेच तीन शर्ट आहेत त्यांच्याकडे. दोन शब्द बोलले, मग नजर खाली गेली, आणि बिचारे हळूच मला म्हणाले, "वहिनी, बटणं जरा..." मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी काठी टेकवली आणि कुठेही न अडखळता म्हणाले, "मीच लावलीत." मग जिना चढायला लागले.

तुमची,
वहिनी